एका रुसव्याचा घरोघरी तपास

धनेशराव मोहित्यांना काहीही म्हटलेलं चालायचं. चिक्कू म्हणा, घोरतात म्हणा, स्कूटर लावताना तिघांची वाट अडवतात म्हणा, ते हसून सोडून द्यायचे. पण 'लग्नात पोह्यांवरून रुसलेला जावई' असं कोणी म्हटलं, की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. असं म्हणणारा माणूस या जगात एकच होता, पण तो एकटा पन्नासांना भारी होता. तो म्हणजे त्यांच्या बायकोचा, अंबिकाबाईंचा, थोरला भाऊ प्रतापराव इंगळे, मुक्काम बुऱ्हाणपूर.

प्रतापरावांची गोष्ट अशी. लग्न बुऱ्हाणपूरला, वऱ्हाड इंदूरहून गेलेलं. सकाळी न्याहारीला पोहे आले. नवरदेवाने एक घास घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "जीरावन कुठंय?" आता जीरावन म्हणजे इंदूरचा माणूस पोह्यांवर भुरभुरतो तो मसाला. तो नसेल तर इंदूरकर त्याला पोहे म्हणत नाही, शिक्षा म्हणतो. बुऱ्हाणपूरच्या आचाऱ्याने हे नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. झालं! नवरदेवाने ताटली ढकलली, तोंड फिरवलं, आणि मुहूर्त अगदी तोंडावर आलेला असताना अख्खं इंगळे घराणं हात जोडून त्याच्या भोवती उभं राहिलं. ही गोष्ट प्रतापराव दर बारशाला, दर मुंजीला आणि एकदा तर एका तेराव्यालाही सांगून आले होते.

धनेशरावांचं म्हणणं वेगळं. "मी रुसलो-बिसलो काही नव्हतो. रात्रभर बसचा धक्का, पोटात पित्त खवळलेलं. पित्त झालेला माणूस तोंड फिरवणार नाही तर काय लावणी करणार? थोड्या वेळाने बरं वाटलं, खाल्ले की पोहे! तोवर कोणीतरी शहाण्याने जीरावनही टाकलं होतं ताटलीत. आचाऱ्याला अक्कल आली असेल." हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की आता नुसतं आठवलं तरी त्यांच्या घशाशी खरोखरचं आंबट यायचं.

तशी ही घरातली गंमत घरातच राहिली असती. पण यंदा लग्नाचा पस्तिसावा वाढदिवस आला आणि धनेशरावांनी तो इंदूरला विजय नगरच्या मागच्या आपल्या सुखशांती कॉलनीच्या हॉलमध्ये करायचं ठरवलं. बुऱ्हाणपूरहून लगेच फोन आला.

"जावईबापू, आम्ही सगळे येतोय. माव्याची जिलेबी आणतो. आणि ती गोष्ट पण सांगणार बरं का, आमच्या नव्या सुनेने ऐकलेली नाही."

"दादा, कॉलनीसमोर नका हो सांगू."

"का नको? खोटी असली तर पुरावा दाखवा. मी जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही."

धनेशरावांचं धाबं दणाणलं, आणि त्याला कारण होतं. कॉलनीत ते पंच होते. पार्किंगवरून, पाण्यावरून, सासू-सुनेवरून कोणाचं बिनसलं, की दोन्ही पार्ट्या त्यांच्याकडे यायच्या आणि ते चहा पाजून सांगायचे, "लहानसहान गोष्टींवरून रुसू नये, मोठ्या मनाने घ्यावं." हाच माणूस स्वतःच्या बोहल्यावर मसाल्यासाठी रुसला होता असं त्या हॉलमध्ये जाहीर झालं असतं, तर पुढच्या भांडणाला त्यांच्याकडे कोण काळं कुत्रं आलं असतं?

पुरावा होता. लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. लग्नानंतर ती एकदाच, भाड्याच्या व्हीसीआरवर सगळ्या गोतावळ्याने मिळून पाहिली होती, आणि तेव्हा प्रत्येक जण पडद्यावर फक्त स्वतःला शोधत होता. मग ती जी माळ्यावर गेली ती गेलीच. धनेशरावांनी ती गणपतीच्या मखराखालून काढली आणि पलासियाला एका स्टुडिओत नेली. तिथला माणूस कॅसेट नाकाशी धरून म्हणाला, "भिया, इसमें तो फफूंद लग गई. शादी दिख रही हे, बाराती नी दिख रिये."

त्याने जमेल तेवढं पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं. घरी टीव्हीवर लावलं तर चित्राच्या वरच्या अर्ध्यात, म्हणजे जिथे माणसांना तोंडं असतात तिथे, बुरशीने केलेली नुसती साबुदाण्याची खिचडी. खालच्या भागाला बुरशी नव्हती, पण सगळं चित्रच असं टणाटणा उड्या मारत होतं, की धनेशरावांचं डोकं गरगरायला लागलं आणि त्यांनी ते बंद केलं.

"कशाला उकरताय?" अंबिकाबाई म्हणाल्या. "रुसला होतात की नव्हतात, लग्न लागलं ना? संसार झाला ना?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे," धनेशराव म्हणाले. मराठी माणसाच्या तोंडी तत्त्व आलं, की बायकोने स्वयंपाकघरात जायचं असतं. त्या गेल्या.

वरच्या मजल्यावर यामिनी हुपरीकर भाड्याने राहायची. कोल्हापूरची मुलगी, विजय नगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. तिने पेन ड्राइव्ह पाहिला आणि म्हणाली, "काका, हे निघतंय की. ए.आय.ला दिलं तर चित्र स्थिर करेल, तोंडंसुद्धा बरीच परत आणेल. फक्त माझ्या एकटीच्या लॅपटॉपला दिलं तर पुढची दिवाळी उजाडेल."

"मग गं?"

"मग आपण सगळ्यांचे ब्राउझर वापरायचे. ब्राउझर म्हणजे ज्यात तुम्ही बातम्या वाचता, रेल्वेचं तिकीट काढता, ते. मी एक पान बनवून देते. प्रत्येकाने आपल्या कॉम्प्युटरवर ते नुसतं उघडं ठेवायचं. पान उघडं आहे तोवर त्या घरचं मशीन आपल्या फिल्मचा एक तुकडा घेणार, ए.आय. चालवून तो साफ करणार, परत पाठवणार, पुढचा घेणार. काही बसवायला नको, काही नको."

धनेशरावांनी डोळे मिटून विचार केला. "म्हणजे लग्नघरच्या पुऱ्या. एकट्या बाईच्याने होत नाहीत, मग शेजारणी पोळपाट घेऊन येतात."

"अगदी बरोब्बर! फक्त इथे पोळपाट ज्याच्या त्याच्या घरी."

झालं, धनेशरावांना पंख फुटले. त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि संध्याकाळपर्यंत त्यांना इतके सल्ले मिळाले, की त्यात दुसरं लग्न झालं असतं. एकाने कॅसेट उन्हात वाळवायला सांगितली. एकाने कडुलिंबाचा पाला. एक जण म्हणाला, त्यापेक्षा परत लग्न करा, आजकाल फोटोग्राफर फार छान मिळतात. आणि कॉलनीचे सचिव भूषण सरमंडल यांनी लिहिलं, "सदर विषय नियमात बसतो काय, हे पाहावे लागेल."

भूषण सरमंडल हा माणूस सरकारी नोकरीत असता तर देश थांबला असता. सुदैवाने तो खासगी कंपनीत होता, त्यामुळे फक्त कॉलनी थांबायची. त्याने सभा बोलावली. विषय एकच होता, तरी पहिला अर्धा वेळ पाण्याच्या टाकीवर गेला, कारण कॉलनीतल्या कोणत्याही सभेचा पहिला अर्धा वेळ पाण्याच्या टाकीवरच जातो. मग बाफनाजी उठले. त्यांचं नमकीनचं दुकान, आणि शंका काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

"मोहितेजी, मेरे कंप्यूटर में घुसके ये मेरा बैंक का खाता तो नी देखेगा?"

"नाही हो काका," यामिनी म्हणाली. "त्या पानाला तुमच्या मशीनमधलं दुसरं काही दिसतच नाही."

"तो फिर वो दिन भर देखेगा क्या?"

"मोहिते काकांचं लग्न."

"बस? अपन ने सोचा कुछ खास होगा," असं म्हणून बाफनाजी बसले.

ठराव पास झाला. भूषणने तो तिथल्या तिथे टाइप करून, शिक्का मारून धनेशरावांच्या हाती दिला. घरी येऊन चष्मा लावून पाहिलं तर मजकूर असा: 'श्री. मोहिते यांच्या विवाहास सोसायटीची कोणतीही हरकत नाही.' पस्तीस वर्षं बिनपरवाना संसार चाललेला होता, तो आता नियमित झाला. अंबिकाबाईंनी तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावला आणि दोन दिवस येता-जाता हसत होत्या.

पहिल्या दिवशी सोळा घरांनी पान उघडलं. यामिनीच्या लॅपटॉपवर कोणाचं मशीन चालू, कोणाचं बंद, हे हिरव्या-लाल ठिपक्यांनी दिसायचं. धनेशराव सकाळी उठून आधी देवाला आणि मग ठिपक्यांना नमस्कार करायला लागले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो इरावतीबाईंच्या घरचा ठिपका लाल. तिसऱ्या दिवशी पुन्हा लाल.

इरावतीबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. इंदूरचा माणूस तसाही स्वच्छतेच्या बाबतीत कोणाचं ऐकून घेत नाही, पण इरावतीबाई त्यातही वरच्या वर्गातल्या. त्यांच्याकडे कचऱ्याचे डबे एवढे, की पाहुण्याला चहाची पुडी कुठे टाकावी हे विचारावं लागायचं. धनेशराव गेले.

"बाई, ते आपलं पान बंद झालंय."

"मीच केलं. निजायच्या आधी मी सगळं बंद करते. उघडं-पसरलेलं टाकून झोपायचं? आमच्या घरात नाही चालत."

"अहो, पण त्यात माझ्या लग्नाचा तुकडा होता."

"मग तुकडे माझ्याकडे का पसरता?"

पंचाला कुठे काय बोलावं हे कळत होतं. धनेशराव हळूच म्हणाले, "बाई, खरं सांगायचं तर ही साफसफाईच आहे. फिल्म मळली आहे, ती सगळे मिळून स्वच्छ करताहेत."

इरावतीबाईंचा चेहराच पालटला. "मग असं सांगायचं ना आधी!" दुसऱ्या दिवशीपासून त्या कचरागाडीच्या मागोमाग प्रत्येक दार वाजवायला लागल्या. "पान उघडं आहे का? दाखवा." लोक सकाळी सकाळी ओला कचरा, सुका कचरा आणि लॅपटॉप, अशी तिन्ही हातांत धरून दारात उभे राहायला लागले. ठिपके सगळे हिरवे झाले.

पण सुख म्हणजे काय, ते टिकतं थोडंच! जानेवारीची थंडी होती. मशीन काम करायला लागलं की तापतं, हे बाफना भाभींच्या ध्यानात आलं. थंडीत दही लागत नाही म्हणून त्या आधीच हैराण. त्यांनी लॅपटॉपच्या की-बोर्डवर रुमालाची घडी ठेवली आणि वर विरजणाचं पातेलं. दही असं लागलं म्हणता, सुरीने कापावं! दुपारपर्यंत ही बातमी कॉलनीभर झाली आणि संध्याकाळपर्यंत पाच घरी मोहित्यांच्या लग्नावर दही लागत होतं. पातेल्याच्या वजनाने एक बटण दाबलं जाऊन बाफनांच्या मुलाच्या साहेबांना जे-जे-जे-जे असा चार पानांचा मजकूर गेला. साहेबांनी 'नोटेड' असं उत्तर पाठवलं. इकडे मशीनं गुदमरून ढिली पडली, आणि धनेशरावांना घरोघर जाऊन 'लॅपटॉपवर दही लावू नये' यावर बोलावं लागलं. प्रत्येक घरी त्यांना वाटीभर दही मिळालं. पंचाईत म्हणजे दही खरंच उत्तम होतं.

याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून यामिनीने हौसेने अशी सोय केली होती, की ज्या घरी जो तुकडा साफ होतोय तो पानावर दिसावा. आपलं लग्न आपल्याला न विचारता शेजाऱ्यांच्या घरोघर चाललंय, ही कल्पना धनेशरावांनी केलीच नव्हती. बागेत फिरायला गेले की आवाज यायचे. "क्या मोहितेजी, उस टाइम तो बाल थे आपके!" "दूल्हे राजा, वो चॉकलेटी सूट अभी भी हे क्या?" आणि अंबिकाबाईंना फोनवर फोन. "अंबिकाताई, तुमच्या सासूबाई आमच्याकडे आल्यात हो, पण मानेच्या वर काही येईनात." "तुमचे मामा सकाळपासून आमच्या टॅबवर अडकलेत, जेवायची वेळ झाली, काय करू?" भटजी इरावतीबाईंकडे, बँडवाले भूषणकडे, आणि घोडा बाफनांकडे. सगळं वऱ्हाड पस्तीस वर्षांनी पुन्हा कोणाकोणाकडे उतरलं होतं.

अंबिकाबाई सगळ्यांशी हसून बोलायच्या. पण एकदा जिन्यात यामिनीला गाठून त्यांनी हळूच विचारलं, "त्या पोह्यांच्या वेळचं सगळं दिसेल का गं? म्हणजे खालचं पण?"

"खालचं तर आधी दिसेल काकू. तिकडे बुरशीच नाही, चित्र हलायचं थांबलं की झालं."

"अस्सं," म्हणाल्या आणि वर जायच्या होत्या त्या खालीच उतरून गेल्या.

समारंभ आठवड्यावर आला आणि यामिनी नवीन अडचण घेऊन आली. काही चेहरे इतके खराब होते, की मशीनला खात्री होईना. मग तिने असं केलं, की मशीन अशा चेहऱ्यांचे तीन-तीन नमुने दाखवणार, आणि ज्याच्या घरी तो तुकडा आहे त्याने त्यातला एक निवडायचा. तिने ठळक अक्षरांत लिहिलं, 'मूळ चित्राशी सर्वांत जास्त जुळेल तोच चेहरा निवडा.' कॉलनीला फार अभिमान वाटला. आजवर कोणी त्यांना चेहरा निवडू दिला नव्हता. लोकांनी मनापासून काम केलं, ठिपके हिरवे राहिले, आणि आदल्या संध्याकाळी फिल्म पुरी झाली. धनेशरावांनी आधी पाहायची नाही असं ठरवलं होतं. पुरावा सगळ्यांसमोर उघडावा, म्हणजे नंतर कोणी बोट दाखवत नाही.

हॉल भरला. प्रतापराव माव्याची जिलेबी, फेटा आणि नवी सून उर्वी, असे दाखल झाले. धनेशरावांनी भाषण केलं. "एका गैरसमजाचा आज निकाल लागेल," ते म्हणाले. प्रतापराव मिशीला पीळ देत पहिल्या रांगेत बसले. यामिनीने फिल्म लावली.

चित्र खरोखरच लख्ख होतं. मांडव दिसला, रांगोळी दिसली, वऱ्हाड उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरदेव हसत उतरला. त्याचे वडील हसत होते. आई हसत होती. बँडवाले हसत होते, अगदी तुतारी तोंडात असलेलाही. भटजी हसत होते. धनेशरावांना पहिल्यांदा बरं वाटलं, मग जरा चमत्कारिक वाटलं. मग घोडा आला. घोडाही हसत होता.

"मोहित्यांची माणसं एवढी हसरी कधी झाली?" प्रतापराव पुटपुटले.

यामिनीने घाबरून फिल्म पुढे पळवली. पाठवणी आली. नवरीच्या गळ्यात पडून तिची आई खदखदा हसत होती. आत्या पदराने डोळे पुसत, दात काढून हसत होती. आणि इंगळ्यांचे म्हातारे वडील, ज्यांना जन्मात कोणी हसताना पाहिलं नव्हतं, ते लेक चालली म्हणून हर्षाने फुललेले. हॉलमध्ये हसून हसून लोकांच्या पोटात दुखायला लागलं.

"हे काय झालं?" यामिनी रडवेली झाली. "मूळचा चेहरा निवडा, असं लिहिलं होतं ना मी!"

मग इरावतीबाई उठल्या, शाळेत चूक कबूल करायला मुलं उठतात तशा. "भटजींना मी हसवलं. शुभकार्यात आंबट तोंड कशाला ठेवायचं? म्हटलं, एका चेहऱ्याने काय होतंय."

"अब क्या बोलूँ," बाफनाजी म्हणाले. "बिदाई हमारे यहाँ आई थी. रोते हुए चेहरे रखना अपशगुन होता हे ना. और घोड़ा... वो तो हमारी पोती मुन्नी ने करा."

भूषणही उठला. त्याने ठरावाविना बँडला हसवलं होतं. एकेक करून सोळाही घरं उभी राहिली. प्रत्येकाला वाटलं होतं, बाकीचे नियमाने करताहेत, आपण तेवढा एक चेहरा चांगला केला तर काय बिघडलं! आपल्याकडे लग्नात कोणाचं वाईट दिसू देत नाहीत, ते यांनी पस्तीस वर्षांनंतर मशीनलाही शिकवलं.

प्रतापराव टाळी देत म्हणाले, "संपलं! साक्षीदार फुटले. आता पोह्यांचं लावा, बघू तरी."

यामिनीने लावलं. ताटल्या मांडलेल्या. मागे कनात, म्हणजे लग्नमांडवातला तो कापडी पडदा. नवरदेव मधोमध, चेहऱ्यावर असं हसू, जसं काही लॉटरी लागली. भोवती हात जोडून उभे असलेले इंगळेही तसेच, आनंदाने वेडे झालेले. धनेशरावांना हवा होता तो पुरावा समोर होता आणि त्याची किंमत फुटक्या कवडीचीही नव्हती. ते खुर्चीत खचून बसले.

"थांबवा!" प्रतापराव एकदम ओरडले. "मागे घ्या. चेहरे सोडा हो, हात बघा! हात कोणी निवडले नाहीत ना?"

"नाही," यामिनी म्हणाली. "खालच्या भागाला मशीनने हातच लावलेला नाही, नुसतं स्थिर केलंय. ते जसं होतं तसं आहे."

फिल्म मागे गेली. आता सगळा हॉल खाली बघत होता. हळदीने पिवळा झालेला नवरदेवाचा हात आला आणि त्याने ताटली अशी ढकलली, की चार पोहे सतरंजीवर सांडले. मग त्याने दोन्ही हातांची घडी घातली. पित्त झालेला माणूस अशी घडी घालत नाही. हे लहान मुलालाही कळलं असतं.

"रुसला की नाही?" प्रतापराव उभे राहिले. "सांगा कॉलनीवाले, रुसला की नाही?"

धनेशरावांनी 'पित्त' म्हणायला तोंड उघडलं मात्र, हॉलमध्ये खसखस पिकली. भूषण तर मान हलवत होता, पुढच्या भांडणाला नवीन पंच कोण नेमायचा याचा विचार करत असावा. यामिनी बंद करायला विसरली होती आणि फिल्म पुढे चालूच होती.

आणि मागची कनात हलली.

फटीतून एक हात आला. मनगटभर हिरवा चुडा, कोपराशी पिवळ्या साडीचा काठ. हातात एक कागदाची पुडी. हाताने चाचपत ताटली शोधली, पुडी उलटी केली, पोह्यांवर मसाला भुरभुरला आणि ताटली हळूच नवरदेवाकडे सरकवली. मग आला तसा कनातीमागे गेला. वर सगळे चेहरे एकमेकांकडे बघून हसत होते. कोणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

"हा... हा कोणाचा हात?" प्रतापरावांनी विचारलं. हिरवा चुडा आणि मामाची पिवळी साडी मांडवात त्या वेळी एकीच्याच अंगावर असणार. आणि तिने तर मामा न्यायला येईपर्यंत गौरीहराची पूजा करत पाटावर बसायचं असतं. उठायचं नाही, आणि नवरदेवाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

धनेशरावांना मात्र विचारावं लागलं नाही. ती करंगळी शेवटच्या पेरात बाहेरच्या बाजूला वळलेली होती. आज सकाळी त्याच करंगळीच्या हाताने त्यांच्यापुढे पोहे ठेवले होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. अंबिकाबाई मांडीवरच्या जिलेबीच्या ताटलीकडे बघत होत्या.

"अंबे, तू गौरीहरावरून उठलीस?" प्रतापराव म्हणाले.

"मग काय करणार होते, दादा?" त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे हात जोडून उभे, मुहूर्त चाललेला. एका मसाल्यासाठी अडलं होतं सगळं. मला बघायला आले तेव्हा, इंदूरला आत्याकडे, यांनी पोह्यांवर तीनदा जीरावन मागून घेतलं होतं. मी तेव्हाच आत्याकडून पुडी बांधून घेतली. म्हटलं, हा माणूस जिथे जाईल तिथे लागणार ही, असू द्यावी जवळ."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर आईने मला कच्चं खाल्लं असतं. आणि मग तुमची ती गोष्ट बंद पडली असती, दादा. तुमच्याकडे तेवढी एकच तर आहे."

उर्वीने खळखळून हसत टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्या हॉलनेच वाजवल्या. प्रतापराव फेटा सावरत बसले आणि त्यांनी एक जिलेबी तोंडात टाकली, म्हणजे बोलायला नको. बाफनाजी डोळे पुसत होते. "क्या हाथ हे, भाभीजी," एवढंच म्हणाले.

धनेशराव हळूहळू उठले. खटला ते हरले होते, तोही भर सभेत, स्वतःच जमवलेल्या पुराव्यावर. पण त्यांचा चेहरा असा झाला होता, की सोळा घरांनी मिळून निवडला असता तरी इतका चांगला मिळाला नसता. पस्तीस वर्षं त्यांनी त्या आचाऱ्याला शहाणा म्हटलं होतं.

"यामिनी," ते म्हणाले, "जरा मागे घे बरं."

"कुठून लावू काका? हात येतो तिथून?"

"नाही, नाही. मी रुसलो तिथून लाव," धनेशराव म्हणाले. "नाहीतर तो हात कशाला आला, ते नव्या सुनेला कसं कळणार?"